साहेबांची डावी बाही

शिंपीकामाच्या कोणत्याही दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभे राहिले की एक वाक्य ऐकावेच लागते: ‘हात वर करा.’ टेप छातीभोवती फिरवण्यापुरतेच ते असते. आपण विचार न करता हात उचलतो, माप झाले की खाली घेतो आणि विसरून जातो. माझ्या खोलीच्या बरोबर खाली ज्या बाईंचे दुकान होते, त्या हे वाक्य दिवसभरात कितीतरी वेळा म्हणत, आणि तेही ओठांत टाचण्यांची रांग धरून. त्यामुळे निम्मे शब्द बाहेर येत आणि उरलेले गिऱ्हाइकाने समजून घ्यायचे असत. या टाचण्यांवरून गल्लीने त्यांचे नाव टाचणीबाई ठेवले होते. अंगाने बारीक, बोलायला थोड्या आणि बोलल्याच तर नेमक्या जागी टोचणाऱ्या. तेव्हा नावाविषयी कोणाची, अगदी त्यांचीसुद्धा, तक्रार नव्हती.

हे वाक्य त्या साऱ्या जगाला म्हणत, आपल्या मुलीला मात्र म्हणत नसत. तिचे माप घेताना त्या गुडघ्यांवर बसत, तिचा डावा हात स्वतःच्या हाताने अलगद उचलत, आपल्या खांद्यावर ठेवत आणि मग टेप फिरवत. मी हे अनेकदा पाहिले होते. त्यात आईच्या मायेपलीकडे काही असेल असे मला कधी वाटले नव्हते.

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक खोली. जुन्या दरवाजाची फळी लाकडी घोड्यांवर टाकून केलेले कापायचे टेबल, त्याच्यावर खडूच्या रेघांचे थर, भिंतीवर खिळ्यांना लटकलेले अर्धे सदरे आणि बाह्यांविना गणवेश. पडद्यामागे संसार होता: बसच्या डेपोत इंजिने दुरुस्त करणारे त्यांचे यजमान, ज्यांना सगळे मिस्त्री म्हणत, मिस्त्रींची आई, आणि ती मुलगी. मशीन खिडकीशी होते. ते होते पायाचे, पण त्याचा चामडी पट्टा काढून टाकलेला होता आणि चाकाला हाताने फिरवायची मूठ बसवलेली होती. उजव्या हाताने मूठ फिरवायची आणि एकट्या डाव्या हाताने कापड सुईखाली सरकवत न्यायचे, अशी टाचणीबाईंची पद्धत. खालच्या लोखंडी पायट्यावर मांजर झोपत असे. वरती माझ्या खोलीत तो आवाज येई: थोडे टाके, मग विराम, पुन्हा थोडे टाके. दम लागलेल्या माणसाने जिना चढावा तसा. कोणी म्हणे गुडघे दुखतात, कोणी म्हणे हट्ट आहे. विजेची मोटार बसवून देतो, असे मिस्त्री कैकदा म्हणाले होते. डेपोतली अख्खी बस माझ्या हाती देतात आणि घरातल्या एका मशीनला मला बोट लावू देत नाहीत, हे त्यांचे आवडते गाऱ्हाणे होते. टाचणीबाई त्यावर काही बोलत नसत. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर न देण्याची सोय आपोआप होते.

मुलीला गल्लीत साहेब म्हणत. ती तेव्हा चारेक वर्षांची असेल. कडक कापडाचा, गळ्याशी नीट बसलेला फ्रॉक, आणि डावा हात सदोदित खिशात. त्या वयाची मुले रस्त्याने पळतात; ही चालत असे, हनुवटी किंचित वर, जणू कोपऱ्यावरच्या गटाराची पाहणी करायला आली आहे. समोरचा चप्पल शिवणारा तिला रोज विचारी, काय साहेब, आज दौरा कुठे? ती उजव्या हाताने दिशा दाखवी. खिशातला हात बाहेर येत नसे. मोठ्या माणसांची ऐट तिने कुठून उचलली, याचे सगळ्यांना कौतुक होते आणि मलाही होते.

एका दुपारी गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली आणि जिन्यावरून पाण्याचा लोट खाली आला. साहेब नेमक्या पायरीवर बसलेल्या. मी धावत उतरलो तेव्हा ती नखशिखान्त भिजली होती. टाचणीबाईंनी तिला आत ओढले आणि फ्रॉक उतरवला. मी टॉवेल घेऊन दारात उभा होतो. त्यामुळे पाहायचे नसतानाही मी ते पाहिले. तिचा डावा हात खांद्यापासून खाली नुसता लोंबत होता. तो उजव्यापेक्षा बारीक होता, कोपरातून आत वळलेला, तळवा मागच्या बाजूला, बोटे किंचित मिटलेली. मागून कोणीतरी गुपचूप काही हातावर ठेवणार आहे आणि ते घ्यायला तो थांबला आहे, असा. मुलीने माझ्याकडे पाहिले आणि ती आजीमागे लपली. गटाराची पाहणी करणारे ते साहेब मला कुठे दिसेनात.

ओला फ्रॉक उलटा होऊन दारामागच्या खुंटीवर लटकत होता. टाचणीबाईंनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले, आणि तो खाली काढून माझ्या हातात दिला. मी खेड्यात वाढलो आहे. तिथे जू करणारा सुतार आधी बैलाच्या खांद्यावर हात फिरवतो, त्याचे चढउतार चाचपतो आणि मगच लाकडाला हत्यार लावतो, हे मी लहानपणी बघत बसे. त्यानंतर शरीराचा इतका विचार केलेली वस्तू मी प्रथमच हातात धरत होतो. डावा मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, उजव्यापेक्षा खाली आणि पुढे कापलेला होता. बगलेत उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाची एक कळी होती, अंग हलले की ताण न पडता पसरणारी. बाहीला कोपराशी बारीक चुण्या घालून हाताला नैसर्गिक वाटेल असा बाक दिलेला होता. खांद्याच्या झालरीखाली अस्तरात दडवलेली मऊ पट्टी दंडाभोवतून जाऊन पुन्हा खांद्यावर येत होती आणि हाताचा सगळा भार तिने पेललेला होता. कृश खांद्यावर कापसाची पातळ गादी होती. खिसा बरोबर त्या जागी होता, जिथे ती बोटे कोणी न नेताही पोहोचतील. मुलगी हात खिशात घालत नव्हती. खिसा हाताकडे आला होता. बाहेरून यातले काहीही दिसत नव्हते. वर्षभर मी तो हात रोज पाहिला होता, आणि तो मला एकदाही दिसला नव्हता.

ती वाढते तसा दर थोड्या महिन्यांनी हा सारा हिशेब नव्याने मांडावा लागतो, एवढेच टाचणीबाई म्हणाल्या.

मागची हकिगत मला मिस्त्रींनी सांगितली. संध्याकाळी ते टॉवेल परत द्यायला वर आले आणि बराच वेळ बसले. पोटातले मूल आकाराने मोठे होते. प्रसूतिगृह जवळचेच, माहितीतले. डोके बाहेर आले आणि खांदा आत अडकला. मिस्त्री दाराबाहेर होते; त्यांना डॉक्टरांचा चढलेला आवाज ऐकू आला, मग काहीच ऐकू आले नाही, आणि मग रडणे. आत काय झाले ते टाचणीबाईंना माहीत होते. दोघी परिचारिका पोटावर भार देऊन ओणव्या झाल्या होत्या आणि डॉक्टर मुलाचे डोके धरून ओढत होते. पण मूल गुलाबी होते, रडत होते. सगळ्यांना वाटले, सुटलो. हाताचे आईच्याच लक्षात आले, आणि तेही तिच्या पद्धतीने. तिने स्वतः शिवलेले झबले बाळाला घालताना एक हात बाहीत शिरायला तयार नव्हता आणि दुसरा मुकाट्याने शिरला. झबले घालताना प्रत्येक बाळ भांडते, असे तिने नवऱ्याला सांगितले. हा हात भांडला नाही. नंतर वाऱ्याने दार आपटले. बाळ दचकले आणि त्याने एकच हात पसरला.

डॉक्टर म्हणाले, पोटात अंगाखाली दबला असेल, येईल आपोआप. पुढच्या भेटीतही तेच म्हणाले. टाचणीबाई पुन्हा पुन्हा विचारू लागल्या तेव्हा त्यांनी कागदावरून नजर वर केली आणि तुम्ही काम काय करता, असे विचारले. शिवणकाम, त्यांनी सांगितले. पायाच्या मशीनवर? हो. शेवटपर्यंत? हो. यावर डॉक्टरांनी फक्त समजले अशी मान हलवली. मिस्त्रींची आई शेजारी उभी होती. घरी येताच ती उंबऱ्यात म्हणाली की मी तरी सांगत होते, पोटात जीव असताना पायाखाली लोखंड नाचवू नये. त्याच आठवड्यात टाचणीबाईंनी मशीनचा पट्टा काढून कचऱ्यात टाकला आणि चाकाला मूठ लावून आणली. तेव्हापासून त्यांनी पायट्यावर पाय ठेवला नव्हता.

मिस्त्री खाली गेल्यावर तो थांबत थांबत येणारा आवाज मला पुन्हा ऐकू आला, आणि तो गुडघेदुखीचा नाही हे कळल्यावर ऐकवेना.

‘येईल आपोआप’ यात पहिली दोन वर्षे गेली होती. मग कोणीतरी त्यांना सरकारी रुग्णालयात व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे पाठवले. ताईंनी हात खांद्यापासून बोटांपर्यंत तपासला आणि तिथल्या तिथे सांगितले की मानेतून हाताकडे येणाऱ्या नसा जन्माच्या वेळी ताणल्या गेल्या आहेत. कोवळेपणी दाखवले असते तर नसांवरच काही करता आले असते. अजूनही एक मार्ग होता. पाठीजवळचा चांगला स्नायू वळवून खांद्याला जोडायची शस्त्रक्रिया. पण हाडे त्याच वाकड्या स्थितीत घट्ट होण्याआधी ती व्हायला हवी होती. ती दूरच्या मोठ्या रुग्णालयात होई आणि या घराच्या आवाक्याबाहेरची होती. प्रसूतीत चूक झाली, असे रुग्णांच्या तक्रारी ऐकणाऱ्या सरकारी समितीने ठरवले तर ती करून देणे प्रसूतिगृहावर बंधनकारक होते. म्हणून अर्ज केलेला होता, आणि टाकी वाहिल्यानंतर थोड्याच दिवसांत सुनावणीचे बोलावणे आले.

टाचणीबाई मला बरोबर चला म्हणाल्या. कारण स्वच्छ सांगितले: मिस्त्रींना रागावता येते, मला शिवता येते, कचेरीत बोलायला कोणी नको का? मी आयुष्य कचेरीत घालवलेला माणूस, हो म्हणालो. त्या दिवशी मी एक वाक्यही धड बोललो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

सुनावणीच्या आधीचे दिवस दुकान जवळजवळ बंद होते. गणवेशवाल्यांनी चकरा मारल्या, भांडून गेले. टाचणीबाई साहेबांचा फ्रॉक शिवत होत्या. मोठ्या माणसांसमोर जायचे, तर मूल नीटनेटके दिसले पाहिजे. यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मला नाही, मिस्त्रींना नाही, आजीला तर नाहीच. तिनेच निळ्या कापडाचा आग्रह धरला. तो फ्रॉक अंगावर चढला तेव्हा आम्ही सगळे पाहत राहिलो. खांद्याची रेघ दोन्हीकडे सारखी होती. बाहीची घडी चालताना जिथे मोडायला हवी तिथेच मोडत होती. टाचणीबाईंनी आयुष्यात शिवलेले ते सर्वांत उत्तम वस्त्र असावे.

समितीची खोली लांबट होती. टेबलावर काच, काचेखाली पिवळी पडलेली वेळापत्रके, झाकण घातलेले पाण्याचे पेले, आणि खिडकीबाहेर सायकली लावायची जागा. अध्यक्ष वयस्क आणि सौम्य होते. शेजारी लेखनिक, आणि पलीकडे एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई, आखूड कापलेले पांढरे केस, समोरच्या कागदांत मान घातलेली. आमच्या समोर प्रसूतिगृहाचे डॉक्टर बसले होते. मी मनात कोणी गर्विष्ठ माणूस रंगवून ठेवला होता. प्रत्यक्षात ते थकलेले, डोळ्यांखाली काळे झालेले, मनगटावरचे घड्याळ सतत फिरवणारे गृहस्थ होते. त्यांनी दिलेल्या कागदात लिहिले होते की हाताची अशक्तता जवळजवळ पूर्ण भरून आलेली आहे.

अध्यक्षांनी मुलीला जवळ बोलावले. साहेब चालत गेल्या, हनुवटी वर, हात खिशात. अध्यक्षांना हसू आले. दुसरा हात दाखव पाहू, असे त्यांनी म्हटले. तिने अंगाला हलका झोका दिला, खिशातून हात सुटला आणि बाहीच्या बाकाने आपसूक टेबलाच्या काठावर येऊन टेकला. अगदी कोणत्याही मुलाचा हात टेकावा तसा. अध्यक्ष मागे रेलले आणि म्हणाले, “बाई, मूल तर उत्तम दिसतंय.”

त्या क्षणी मी टाचणीबाईंकडे पाहिले, आणि जे पाहिले ते अजून विसरलेलो नाही. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरले होते. कपडा अंगावर बरोबर बसला असे गिऱ्हाईक म्हणाले की कसबी माणसाच्या चेहऱ्यावर जे येते, तेच. ते पुरते फुलले, आणि मग त्या काय ऐकून बसल्या हे त्यांना उमगले. चेहरा एकदम पांढरा पडला. लेखनिक लिहू लागला होता.

डॉक्टरीणबाई उठल्या; फ्रॉक उतरवून पाहिल्याविना मी काही म्हणणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यांनी गळ्याच्या गुंडीला हात लावताच मुलगी मागे सरली आणि एका हाताने फ्रॉक मुठीत आवळून भिंतीला चिकटली. रडली नाही, नुसती मान हलवत राहिली. अध्यक्ष म्हणाले, राहू द्या, लेकराला घाबरवू नका, कागद आहेत आपल्याकडे. मिस्त्री उभे राहिले. मी बोलायला तोंड उघडले, आणि माझ्या कचेरीतल्या साऱ्या वर्षांतून एक शब्द वर येईना.

टाचणीबाई भिंतीपाशी गेल्या आणि मुलीसमोर गुडघ्यांवर बसल्या. त्या दिवशी त्यांच्या ओठांत टाचण्या नव्हत्या. आवाज लहान होता, पण खोलीत सगळ्यांना ऐकू आला.

“साहेब, बाही काढायची का?”

“इथं?”

“इथं. यांना आतलं काम बघायचंय.”

मुलीने त्या सगळ्या माणसांकडे एकेक करून पाहिले. “परत शिवशील?”

“ही नाही. दुसरी शिवीन.”

कोणीही घाई केली नाही. मग तिने मूठ सोडली.

टाचणीबाईंनी पिशवीतून टाके उसवायचे लहान पाते काढले. झालरीपासून सुरुवात केली. त्या खोलीत पंख्याचा आवाज होता आणि टाका तुटल्याचा बारीक ‘टिक’ असा आवाज होता, दुसरा नव्हता. झालर सुटली, मग मुंढा, मग अस्तर. कापसाची गादी त्यांनी टेबलाच्या काचेवर ठेवली. उरेबाची कळी ठेवली. चुण्यांची बाही ठेवली. ती बाई स्वतःच्या हातची उत्तमातली उत्तम वस्तू, जिच्यासाठी तिने इतके दिवस डोळे ताणले होते, ती टाक्याटाक्याने मोडत होती. कपडा फाडत नव्हती, उसवत होती, शिवण्याइतक्याच काळजीने. शेवटी दंडाची पट्टी उरली. तिचा टाका तुटला आणि हात पडला.

तो नुसता पडला. कोणी धरलेली वस्तू सोडावी तसा पडून, दोनदा हलून स्थिर झाला, तळवा मागे. अध्यक्षांनी चष्मा काढला. डॉक्टरीणबाईंनी मुलीला हात उचलायला सांगितले. तिने उचलला: खांदा कानापर्यंत गेला, सगळे अंग एका बाजूला कलले, चेहरा लाल झाला, आणि कोपर फ्रॉकच्या खिशाइतके वर आले. एवढेच. मग ती थांबली आणि बरोबर आले का, अशा नजरेने आईकडे पाहू लागली.

“शाबास,” टाचणीबाई म्हणाल्या. त्यांनी आपली ओढणी तिच्या खांद्यावर टाकली, उठल्या, आणि डॉक्टरीणबाईंकडे वळल्या. शस्त्रक्रियेचे त्या बोलतील असे मला वाटले. त्या म्हणाल्या, “मी शेवटपर्यंत पायमशीन चालवत होते. या डॉक्टरांनी तेच विचारलं होतं. त्यानं झालं का हे?”

मिस्त्रींनी मान खाली घातली. ‘आपोआप’ म्हणत गेलेली वर्षे, तो काढलेला पट्टा, त्या अडखळत्या आवाजाच्या साऱ्या दुपारी या एका प्रश्नात होत्या, हे त्या खोलीत आम्हा तिघांनाच कळत होते.

“नाही,” डॉक्टरीणबाई लगेच म्हणाल्या. मग त्यांनी आपली खुर्ची ओढून टाचणीबाईंना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. “बाई, तुमच्या पायांनी या पोरीला पोटात झोके दिले असतील, दुसरं काही नाही. मशीननं नस तुटत नाही. ओढल्यानं तुटते.” त्या डॉक्टरांकडे वळल्या. आवाज चढवला नाही. “खांदा अडकला तेव्हा तो सुटावा म्हणून यांचे पाय खाटेच्या पट्ट्यांतून सोडवून पोटाशी घेतले होते?”

डॉक्टरांनी घड्याळ फिरवले. मुलीचा हात ओढणीखालून दिसत होता, आणि ते त्याच्याकडेच पाहत होते.

“नाही.”

“वरून पोट दाबलं?”

“दाबायला सांगितलं.”

“आणि डोकं?”

“ओढलं,” ते म्हणाले. मग कोणी न विचारताच म्हणाले, “मला वाटलं, मूल जाणार. मी घाबरलो होतो.”

“घाबरतो आपण सगळेच. मीही घाबरलेय. म्हणून तर काय करायचं ते आधी हातात बसवून घ्यायचं असतं.” त्या क्षणभर थांबल्या. “पण घाबरलो होतो, हे यांना सांगायचंत. मशीनचं कशाला विचारलंत?”

डॉक्टरांनी घड्याळ फिरवायचे थांबवले. ते उठले आणि टाचणीबाईंसमोर आले. माझी चूक झाली, हे शब्द त्यांनी म्हटले, पण इतके हळू की लेखनिकाला ते पुन्हा विचारावे लागले. आणि त्यांनी ते पुन्हा, या वेळी स्पष्ट, सांगितले. टाचणीबाई टेबलावरचे तुकडे गोळा करत होत्या, घडी घालून, एकावर एक.

आम्ही घरी आलो तेव्हा आजी दारातच होती. मिस्त्रींनी तिला सगळे सांगितले. मशीनचे सांगताना ते थोडे अडखळले, पण सांगितले. म्हातारी ऐकून आत गेली. मला वाटले, आता ही दिवसभर बाहेर यायची नाही. ती लगेच आली. तिच्या हातात जुन्या फडक्याची गुंडाळी होती. तिने ती मशीनवर ठेवली, मांजराला पायट्यावरून हाकलले, आणि कोणाच्याही तोंडाकडे न बघता पुन्हा आत निघून गेली. टाचणीबाईंनी फडके सोडले. आत मशीनचा चामडी पट्टा होता. कचऱ्यातून तिने तो कधी उचलला आणि इतकी वर्षे त्याला तेल लावून कोणासाठी जपला, ते तिने सांगितले नाही. सुनेनेही विचारले नाही. दोघी बोलण्यात सारख्याच काटकसरी होत्या.

मी वर गेलो. चहाला पाणी ठेवले आणि खालून आवाज आला. सुरुवातीला चाचरत, मग पायांना आठवले असावे. मग तो अखंड येऊ लागला, उतारावरून धावत सुटलेल्या पाण्यासारखा, थांबेचना. पाणी आटून भांडे तापेपर्यंत मी तसाच उभा होतो.

निर्णय बाजूने लागला आणि शस्त्रक्रिया झाली. साहेब परत आल्या त्या डावा हात डोक्याच्या बाजूला उंच धरलेल्या अवस्थेत, छातीपासून बोटांपर्यंत प्लास्टर. वर्गात सारखा प्रश्न विचारू पाहणाऱ्या मुलासारख्या. चप्पल शिवणाऱ्याने विचारले, साहेब, तक्रार कोणाची? तिने गंभीरपणे त्याच्याचकडे उजवे बोट दाखवले. या अवताराला कोणताही कपडा चढणे शक्य नव्हते. टाचणीबाईंनी मनगटापासून कमरेपर्यंत एका बाजूने उघडणारा आणि बंदांनी बांधायचा फ्रॉक शिवला. आणि तो इतका ऐटदार झाला की शेजारच्या एका धडधाकट मुलीने तसल्याच फ्रॉकसाठी घरी रडून घेतले.

प्लास्टर निघाले. त्यानंतरचे महिने व्यायामाचे होते, कंटाळ्याचे, रडारडीचे. हात पूर्ण बरा होणार नाही, हे सगळ्यांना आधीच सांगितलेले होते. पुढे मीही त्या घरात फार डोकावलो नाही. कोणाच्या कष्टांकडे दारातून बघत राहणे बरे दिसत नाही.

मग एका सकाळी माझ्या विजारीची लांबी कमी करून घ्यायला मी खाली उतरलो. शाळा सुरू होणार होती. दुकानात गणवेशाच्या कापडाचे ताके उलगडलेले, आणि त्यांच्या मध्ये साहेब उभ्या होत्या, मापासाठी. टाचणीबाई ओठांत टाचण्या धरून टेप सरळ करत होत्या. त्यांनी खाली बसायला गुडघे वाकवले, आणि मध्येच थांबल्या. गुडघे पुन्हा सरळ केले. कोणत्याही गिऱ्हाइकासमोर उभ्या राहतात तशा त्या टेप घेऊन उभ्या राहिल्या.

“हात वर,” त्या म्हणाल्या. टाचण्यांमुळे शब्द अर्धेच बाहेर आले.

उजवा हात गेला. डावा त्याच्यामागून निघाला, सावकाश, थोडा थरथरत. खिशाची जागा ओलांडून, कमर ओलांडून, खांद्याच्या रेघेपर्यंत आला, तिच्याही किंचित वर गेला आणि तिथे थांबला. तळवा समोर होता. टाचणीबाईंनी टेप छातीभोवती फिरवला, आकडा पाहिला, आणि तो लिहून घ्यायचा विसरून तशाच उभ्या राहिल्या.

“आई,” साहेब म्हणाल्या, “खाली घेऊ का?”